मधले सहा खांब

"यमू, त्यांचं एखादं कापड हवंय गो," अक्का म्हणाल्या.

मी देवासमोर बसून जास्वंदीची देठं काढत होते. सकाळचे आठ-साडेआठ झाले असतील. अक्का माझ्या मागं गोल गालिच्याच्या कडेवर बसल्या होत्या, पाय दुमडून, नेहमीसारख्या.

"आठल्येभटजींनी काल सगळं समजावलं. बारा वर्षं झाली, आता देहाच्या जागी दर्भाचा माणूस करून त्याला अग्नी द्यायचा. डोक्याच्या जागी नारळ. आणि त्याच्यावर त्यांनी अंगात घातलेलं एखादं वस्त्र हवं, नवं चालायचं नाही म्हणे. आता मी कुठून आणू? ट्रंक पाण्यात गेली, दांडीवरचे कपडे गेले. माझ्याकडं त्यांचा रुमालसुद्धा राहिला नाही."

मी वळून पाहिलं. बोलता येत नव्हतं. उठल्यापासून दिवेलागणीपर्यंत माझं मौन असायचं, रोजचं.

"तुझ्याकडं काही आहे का, आठवून बघ," त्या म्हणाल्या. "आत्ता सांगू नकोस, तुझा नेम मोडायला नको. दिवा लागला की सांग. मी तोवर भटजींकडं जाते, तिथनं देवळात पोथीला बसेन."

गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या. गालिचा आठ फुटांचा, माजघर भरून टाकणारा. दारापर्यंत सरळ जायचं तर मधोमध पाय पडतो. अक्का भिंतीला धरून कडेकडेनं गेल्या. बारा वर्षं त्या तशाच जात होत्या. एकेक नाम घेऊन विणलेल्या गालिच्यावर पाय द्यायला त्यांना संकोच वाटत असेल, अशी माझी समजूत होती.

बाहेर त्यांच्या चपलांचा आवाज पायऱ्या उतरून गेला. फुलं माझ्या हातात तशीच राहिली. त्यांना हवं होतं ते कापड माझ्याजवळ होतं. त्या बसल्या होत्या तिथून चार फुटांवर होतं.

अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. मोठे भाऊजी, जनार्दन शेट्ये, त्या सकाळच्या बारा वर्षं आधीच्या पुरात गेले ते परत आले नव्हते. राजापूरच्या पेठेत पाणी येणं नवं नाही. दुकानातला माल माळ्यावर चढवायचा आणि पाणी उतरलं की चिखल काढायचा, हे आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. त्या वर्षी पाणी माळ्याला लागलं. आमचं घर पेठेच्या वर, चौदा पायऱ्या चढून. त्या पायऱ्या चढून पाणी माजघरात आलं. आम्ही मुलांना घेऊन वरच्या आळीत रहाट्यांकडं गेलो, आणि तिथं पोचल्यावर भाऊजींना आठवलं, की सासऱ्यांचा पितळी तराजू दुकानातच राहिला.

"हा आलो," म्हणाले.

अंगात निळ्या रेघांचा शर्ट होता. वरून दुसरं बटण अक्कांनी आदल्या दिवशीच लाल दोऱ्यानं लावून दिलं होतं, घरात पांढरा दोरा संपला होता म्हणून. "माझ्या छातीला कुंकू लावलंस होय," असं भाऊजी त्यांना चिडवत होते. भर दुपारी गेले. तराजू नंतर दुकानात जागच्या जागी मिळाला, चिखलानं भरलेला. त्यांचा हात तिथवर पोचलाच नव्हता.

तिसऱ्या दिवशी मी देवापुढं नेम धरला. भाऊजी घरी येईतो, उठल्यापासून दिवेलागणीपर्यंत मौन. मला दुसरं काही येत नव्हतं. चातुर्मासात लहानपणापासून नेम करत आले, तेवढंच येत होतं.

नवव्या दिवशी सकाळी वरच्या आळीतल्या ताराचा नवरा, दाजी रहाटे, मागच्या दाराशी एक पोतं टाकून गेला.

"वैनी, ह्ये घ्या. नदीच्या वळणावरच्या करवंदीच्या जाळीत अडाकलेला व्हता सगळा. कुणाचा काय, काय कळत नाय. पुसायबिसायला व्हईल तुमाला."

पोतं मी विहिरीजवळ रिकामं केलं. लुगड्यांचे तुकडे होते, एका लहान मुलीचा फ्रॉक होता, उशीचा अभ्रा होता. आणि शर्ट होता.

त्याची बटणं लागलेली होती. गळ्यापासून खालपर्यंत सगळी, लाल दोऱ्याचंही. एका अंगानं मात्र तो खांद्यापासून खालपर्यंत फाटून उघडा झाला होता. माणूस शर्ट काढतो तेव्हा बटणं काढतो. मी कितीतरी वेळ ती बटणं बघत उभी होते.

अक्का घरात नव्हत्या, ग्रामदेवतेला कौल लावायला गेल्या होत्या. हे नदीवर होते, शोधणाऱ्यांबरोबर. मी शर्ट घेऊन धावत गेले असते तर एक शब्दही बोलावा लागला नसता. शर्ट दाखवायला शब्द लागत नाहीत. ते मला तेव्हा सुचलं नाही असंही नाही. पण वाटलं, ज्यांच्या येण्यासाठी नेम धरला त्यांचं न येणं सांगायला तोच नेम कसा मोडू? शर्ट दाखवणं म्हणजे सांगणंच की. दिवेलागणीला सांगेन. इतके दिवस गेले, आणखी काही तास. मी तो धुतला, पिळला आणि जिन्याखाली वाळत टाकला.

दोन वाजता अक्का आल्या. त्यांचा चेहरा नऊ दिवसांत मी पाहिला नव्हता असा दिसत होता.

"यमू, उजवा कौल मिळाला गो. ते आहेत. गुरवाला दोनदा लावायला सांगितला. दोन्ही वेळा पाकळी उजवीकडंच पडली. आणि एक ट्रकवाला म्हणतो, लांज्याच्या स्टँडवर निळ्या रेघांच्या शर्टातला माणूस बघितला. भात आहे का गो?"

नऊ दिवस त्या चहावर होत्या. मी भात वाढला, त्यांनी मीठ घालून खाल्ला. पुन्हा मागितला. पेजेचं भांडं दोन्ही हातांनी धरून प्याल्या आणि तिथंच भिंतीला टेकून झोपल्या, तोंड थोडं उघडं, लहान मुलासारख्या. हे त्या दिवशी लवकर घरी आले. घर हलकं झालं होतं.

दिवे लागले. अक्का उठून पुन्हा जेवायला बसल्या. माझं तोंड उघडलं आणि मी म्हणाले, "ताक वाढू का?"

तो शर्ट मला जाळता येईना. जाळणं म्हणजे अग्नी देणं. नदीत सोडता येईना, कारण नदीतूनच तर आला होता. ठेवायचा तर कुणाच्या हाती लागेल. पुरानंतर घरात बसायला सतरंजी उरली नव्हती, तेव्हा मी सगळ्यांना म्हटलं, पोत्यातल्या कापडांचा एक गोल गालिचा करते. माझ्याकडं शिसवीची जाड क्रोशाची सुई होती, वडिलांनी सुताराकडून करून घेतलेली. कापडाची दोन बोटं रुंद पट्टी न तोडता गोल गोल कापत जायची, की एका शर्टाचा एकच लांब दोरा होतो. चिखलानं रेघा इतक्या मातकट झाल्या होत्या, की पट्टीत त्या कुणाला ओळखू आल्या नसत्या. बाकीची बटणं मी कापून टाकली. लाल दोऱ्याच्या बटणाशी कात्री आली आणि थांबली. ते मी पट्टीतच राहू दिलं, पहिल्या फाशाच्या आत दडपलं आणि त्याभोवती सहा खांब, म्हणजे सहा उभे टाके, घातले.

पहिल्या फेऱ्यात सहा, दुसऱ्यात बारा, तिसऱ्यात अठरा. दर फेऱ्याला सहा वाढवले की गालिचा सपाट बसतो. कमी पडले तर वाटीसारखा उचलतो, जास्त झाले तर कडेला झालर येते. दर खांबाला मी एक रामनाम घेत होते. भाऊजींच्या येण्यासाठी. शर्टाची पट्टी सुईवर होती तेव्हाही भाऊजींच्या येण्यासाठीच.

साठ फेरे झाले. तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी गालिचा पुरा झाला. सगळ्यांनी कौतुक केलं. आणि तेव्हापासून अक्कांनी तो झाडायचं काम स्वतःकडं घेतलं. "तू हात लावू नको, तुझी पाठ धरते," म्हणायच्या. मला ते बरंच होतं. मला त्याला हात लावायचा नव्हता.

कारण तो मधे उचलायला लागला होता. आधी बोटभर, मग जरा जास्त. मी कितीदा फेरे मोजले. सहा, बारा, अठरा, चोवीस, मोजणी बरोबर होती, तो सपाटच बसायला हवा होता. पण दर वर्षी मधला भाग थोडा आणखी फुगलेला दिसे, कुणी खालून श्वास घेऊन धरून ठेवल्यासारखा. पावसात त्याला चिखलाचा वास यायचा. मी देवाकडं तोंड करून जप करायचे आणि माझी पाठ त्या फुगवट्याकडं असायची. बारा वर्षं मी भाऊजींच्या येण्यासाठी मौन पाळलं आणि बारा वर्षं ते माझ्या पाठीशी होते.

तर त्या दिवशी अक्का गेल्यावर मी फुलं देवाला वाहिली आणि गालिच्याची शेवटची गाठ शोधून सोडली.

क्रोशाचं काम शेवटाकडूनच उसवतं. मधलं हवं तर बाहेरचं सगळं सोडावं लागतं. कात्रीनं मधला तुकडा कापून घेता आला असता. पण जे नाम घेऊन घातलं ते कापायला माझा हात होईना. निदान उसवताना दर खांबाला एक नाम घेता येत होतं. मी तसंच केलं. साठावा फेरा तीनशे साठ खांबांचा. पट्टी सरसर बाहेर येत होती आणि माजघरात तिचा ढीग होत होता.

अकराच्या सुमाराला तारा आली.

"अगो बाई," ती दारातच म्हणाली. "यमूवैनी, हे काय? बोलू नका, बोलणार नाही ठाऊक आहे मला. तुमच्याकडं येणं म्हणजे रेडिओला प्रश्न विचारणं. पण हात तरी थांबवा."

मी थांबले नाही.

"लेकीच्या साखरपुड्याला हा गालिचा मागायला आले होते मी. पाहुण्यांना सांगून बसले, आमच्या शेजारी असा गालिचा आहे की बघत राहाल. आणि तुम्ही त्याच्या शेवया करून ठेवल्यात." ती आत आली, ढिगाजवळ बसली आणि पट्टीचं टोक शोधू लागली. "असं नका टाकू, गुंतेल. आणा इकडं, मी गुंडे करते. ही बघा, माझ्या सासूच्या लुगड्याची पट्टी. मेल्यावरही सापडली म्हातारी."

मी उसवत होते, ती गुंडाळत होती. तोंडही चाललं होतं.

"सोयरे चांगले आहेत. वळणावरच्या नव्या प्लॉटातलं घर आहे त्यांचं. केवढा भराव टाकून उंच केलंय, पाणी चढायचं नाव नाही. आमचे हे म्हणतात, त्या पुराचा गाळसुद्धा उपसला नाही, तसाच वरून दाबला. खाली काय काय गाडलं गेलं असेल, देवालाच ठाऊक."

माझा एक खांब दोनदा मोजला गेला.

"अक्का त्यांचा दर्भाचा पुतळा करणार ते बरं झालं. बारा वर्षं कुंकू लावलं, पुष्कळ झालं. लोक काय काय बोलायचे. लांज्याला दुसरं घर करून बसलाय म्हणायचे. मी मात्र कधी बोलले नाही हो." मग गुंडा फिरवत थोडी थांबली. "एकदा बोलले असेन."

जाताना तिनं उरलेल्या गालिच्याकडं पाहिलं. तो तोवर निम्मा उरला होता. "हा फुगवटा मात्र तसाच आहे. मी नेहमी म्हणते ना, खाली मांजर झोपवलंय म्हणून." आणि हसत हसत चौदा पायऱ्या उतरून गेली.

दुपारी मी पाणीसुद्धा प्याले नाही. दिवेलागणीला काय बोलायचं ते मनात लावून बघत होते. अक्का, हे घ्या. अक्का, हे माझ्याकडं होतं. अक्का, मला क्षमा करा. कुठलंच वाक्य पुढं जाईना. बारा वर्षं रोज संध्याकाळी माझं तोंड मोकळं होत होतं आणि रोज मी दूधवाल्याबद्दल, डाळीबद्दल, मुलांच्या शाळेबद्दल बोलत होते.

फेरे कमी होत गेले. परातीएवढा राहिला, मग ताटाएवढा. सातव्या फेऱ्याला निळ्या रेघा आल्या. विटल्या होत्या, पण दिसत होत्या. तिथं मी थांबले. एवढा तुकडा आता उचलून मांडीवर घेता येत होता. पट्टीच्या सुरुवातीची गाठ पाहावी म्हणून मी तो उलटा केला.

खालची बाजू लाल होती.

आधी मला वाटलं, एखाद्या कापडाचा रंग उतरला. बोट लावलं तर बोट लाल झालं. कुंकू होतं. थरावर थर बसून खवल्यासारखं झालेलं, कडेनं हळदीचा पिवळा. आणि मधोमध बटण होतं. मी फाशाच्या आत दडपलेलं ते बटण कुणीतरी अलगद खालच्या अंगाला ओढून घेतलं होतं, आणि त्याच्याभोवती सूत गुंडाळलं होतं. वडाला गुंडाळतात ते कच्चं सूत. दर गुंडाळीची गाठ वेगळी. आतली सुतं तपकिरी पडली होती, सगळ्यात वरचं अजून पांढरं होतं. मी मोजली. बारा होती.

फुगवटा त्या सुताचा होता.

वटपौर्णिमेला आळीतल्या आम्ही सगळ्या जणी वडाकडं जायचो. अक्का नाही यायच्या. "माझे गुडघे चालत नाहीत गो. तू जा. मी घरीच करते." मी वाणाचं ताट घेऊन जायचे आणि तास-दीड तासानं परत यायचे, तेव्हा त्या माजघरात बसलेल्या असायच्या, गालिच्याच्या कडेवर, कपाळाला ताजं कुंकू. एकदाही मी विचारलं नाही, वडाची फांदी कुठं आहे, पूजा कशाची केलीत.

मागच्या अंगणात पाय धुतल्याचा आवाज आला. अक्का आत आल्या. त्यांनी मोकळी झालेली जमीन पाहिली, भिंतीशी लावलेले पट्ट्यांचे गुंडे पाहिले, मग माझ्या मांडीवरचं पाहिलं.

"एवढं सगळं सोडलंस?" त्या म्हणाल्या. "मधलं कापून घ्यायचंस की."

मी काही बोलू शकत नव्हते. अजून दिवा लागायचा होता.

"लाव आधी," त्या म्हणाल्या.

मी निरांजन लावलं. वात दोनदा विझली. हात जोडून वळले तेव्हा त्या जमिनीवर बसल्या होत्या, गालिचा असता तर त्याची कड जिथं आली असती नेमक्या तिथं.

"अक्का," मी म्हणाले.

"ते राहू दे. ते मला ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"तुळशीच्या लग्नापासून. अंगणात झाडायला नेला, उलटा टाकला, तर लाल दोऱ्याचं टोक. माझा टाका मला कळणार नाही होय?"

"मग विचारलं का नाही मला?"

"विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस. तुला दुसरं येतच नाही. मग मला पुसावं लागलं असतं." त्यांनी कपाळाकडं हात नेला नाही, पण आम्ही दोघींनी तिकडंच पाहिल्यासारखं झालं. "रोज उठून तू माझ्यासमोर गप्प बसायचीस. मी म्हणायचे, बसू दे. ती गप्प आहे तोवर ते आहेत."

निरांजनाची ज्योत सरळ झाली होती. मी तो तुकडा त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी हात लावला नाही.

"आज विचारलं ते कापडासाठी नाही गो," अक्का म्हणाल्या. "बारा वर्षं मला एकच विचारायचं होतं. कुठं मिळाला?"

"वळणावर. करवंदीच्या जाळीत. दाजीनं पोतं आणून दिलं."

"कुठल्या दिवशी?"

"नवव्या."

"कौलाच्या दिवशी."

"होय."

"मी घरी यायच्या आधी की नंतर?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता. त्याच्याभोवती साठ फेरे घातले होते.

"आधी," मी म्हणाले. "सकाळी. साडेनऊ झाले असतील."

अक्कांनी डोळे मिटले.

त्या सकाळी नदीवर पन्नास माणसं होती. वळणावरची झाडी बघून झाली होती. तिच्याखालचा गाळ दुपारी उपसायचा होता. दोन वाजायच्या आधी अक्का कौल घेऊन परतताना तिथं थांबल्या आणि सगळ्यांना म्हणाल्या, आता शोधू नका, ते आहेत. माणसांनी दोर गुंडाळले, फावडी खांद्यावर टाकली आणि घरी गेली. म्हणून तर हे त्या दिवशी लवकर आले होते. वळणावरचा गाळ तसाच राहिला. मग त्याच्यावर भराव पडला, भरावावर प्लॉट पडले, प्लॉटांत घरं झाली.

"मीच पाठवलं त्यांना घरी," अक्का म्हणाल्या.

मी निरांजनात तूप घातलं.

मग त्या म्हणाल्या, "आणि तू पाठवू दिलंस."

त्यानंतर त्या विषयावर आम्ही कधी बोललो नाही. त्यांनी मला क्षमा केली की नाही ते मला ठाऊक नाही. त्यांनी मला दुसऱ्या दिवशी दर्भ भिजवायला बोलावलं.

विधी वळणावर केला, एका घराच्या कुंपणाच्या भिंतीमागं, जिथून नदी दिसते. आठल्येभटजींनी इतक्या लांब का, असं विचारलं. अक्का म्हणाल्या, "त्यांना इथनंच जवळ पडेल." दर्भाच्या माणसाला मी निळ्या रेघांची पट्टी गुंडाळली, पायांपासून वर, सलग, आणि छातीशी ते बटण आलं. सुतासकट, कुंकवासकट. यांनी अग्नी दिला. लाल दोरा सगळ्यात आधी जळाला. परत येताना अक्कांचं कपाळ मोकळं होतं आणि मला त्यांच्याकडं बघवत नव्हतं.

चौदाव्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी देवापुढं बसले होते. मौन पाळायला आता कारण राहिलं नव्हतं, पण शब्द दिवेलागणीपर्यंत वर येत नव्हते. मागं काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. अक्कांनी भिंतीशी ठेवलेला एक गुंडा ओढून घेतला होता. माझी शिसवीची सुई त्यांच्या हातात होती. त्यांनी कधी क्रोशा विणला नव्हता. फास घालून बघत होत्या, तो सुटत होता, पुन्हा घालत होत्या.

"पहिल्याला सहाच ना गो?" त्यांनी विचारलं.

दहा वाजले होते. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.

"सहाच," मी म्हणाले.

तो गालिचा आम्ही दोघींनी मिळून पुरा केला. मला आता सत्तरी आली, अक्कांना जाऊन चार वर्षं झाली. गालिचा माझ्या खोलीत असतो. त्याच्या मध्यावर ताराच्या सासूचं लुगडं आहे, दुसरं काही नाही. विणताना मी समोर होते. झाडते मीच, उलटा करून बघते मीच. खाली काही नसतं.

तरी तो मधे किंचित उचललेला आहे. सहा, बारा, अठरा, चोवीस. मी कितीदा मोजून पाहिलं. मोजणी बरोबर आहे.